डबल बेल

एस.टी.चा कंडक्टर दोरी ओढण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहतो, ती नजर आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहे. शेवटचा उतारू पायरी चढून आत येतो, त्याच्यामागून त्याची पिशवी येते, दार धाडकन लागते, आणि मग दोन टोल पडतात. ड्रायव्हर मागे वळून खात्री करून घेत नाही. त्या दोन टोलांवर भिस्त ठेवून तो गिअर टाकतो. एक अक्षरही नसलेल्या या निरोपावर चाळीस-पन्नास माणसांचा जीव सोपवता येतो, कारण घंटा वाजण्याआधी जे घडायला हवे ते घडून गेलेले असते. दार उघडे असतानाच वाजलेल्या डबल बेलची कल्पना करून पाहा, म्हणजे आज ज्या प्रांतात मी आपल्याला घेऊन जाणार आहे तिथले निम्मे अपघात न सांगता कळतील.

तो प्रांत आहे संगणकातल्या प्रोसेसनी, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामनी, एकमेकींना धाडलेल्या निरोपांचा. योगायोग असा, की लिनक्सवर हे निरोप ज्या व्यवस्थेतून जातात तिचेही नाव बसच आहे: डी-बस.

गेल्या महिन्यात आमच्या चमूतल्या एका नव्या मुलीने एक पॅच रिव्ह्यूला पाठवला. सोसायटीचा पाण्याचा पंप चालवणारी आणि त्यावर नजर ठेवणारी एक छोटीशी सेवा होती. पंप चालू की बंद, टाकीत पाणी किती, पंप सुरू होऊन किती सेकंद झाले, अशा तीन प्रॉपर्टी, आणि त्या बदलल्या की ऐकणाऱ्यांना कळवायचे, एवढाच मामला. कोड नीटनेटका होता, नावे विचारपूर्वक दिलेली होती, चाचण्याही हिरव्या होत्या. तरी वाचताना काहीतरी दाताखाली येत होते आणि ते काय, हे शब्दांत धरता येत नव्हते. अशा वेळी माझा एक उपाय ठरलेला आहे. त्याच जातीचे, पण मुरलेल्या हाताचे काम उघडायचे आणि ते सावकाश वाचायचे. पाककृतीत काय चुकले हे सांगण्यासाठी जमलेल्या पदार्थाची चव जिभेवर ताजी असावी लागते, तसे काहीसे. मी लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या भांडारातली, टाइमडेटडी या घड्याळाच्या सेवेची फाइल उघडली, आणि पॅच बाजूलाच राहिला. तासभर मी तीच चाखत बसलो. त्या तासातले आपल्याला वाढतो आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. यंत्रात एकाच वेळी डझनावारी प्रोसेस चालू असतात आणि प्रत्येकीच्या स्मृतीला स्वतःच्या भिंती असतात. एकीचे अंतरंग दुसरीला दिसत नाही. घड्याळाची सेवा एका घरात, पडद्याच्या कोपऱ्यात तास-मिनिटे दाखवणारी पट्टी दुसऱ्या घरात. पट्टीला वेळपट्टा जाणून घ्यायचा तर ती डी-बसवरून विचारू शकते, पण दर सेकंदाला 'बदलला का?' असे विचारत राहणे म्हणजे पोस्टमन येऊन गेला का हे पाहायला दर मिनिटाला फाटकापर्यंत जाणे. म्हणून उलटी वाट: बदलेल तेव्हा सेवेनेच हाक द्यावी. या हाकेचे सर्वमान्य रूप म्हणजे प्रॉपर्टीज चेंज्ड हा सिग्नल. डी-बसची १.० आवृत्ती २००६ मध्ये आली, हा सिग्नल मात्र २०१० मध्ये विनिर्देशात दाखल झाला. मधल्या काळात घरोघरी वेगळी रीत होती. ब्लूटूथ सांभाळणाऱ्या ब्लूझेडने आपला स्वतःचा एकवचनी प्रॉपर्टी चेंज्ड केला होता, आणि २०१२ मधल्या पाचव्या आवृत्तीत तो सोडून ब्लूझेड पंगतीत येऊन बसला.

आता हा सिग्नल हातात घेऊन जरा उजेडाकडे धरू. त्याच्या पोटात तीन गोष्टी असतात. पहिली, ज्या इंटरफेसच्या, म्हणजे प्रॉपर्टींच्या ज्या गटाच्या, प्रॉपर्टी बदलल्या त्याचे नाव. दुसरी, बदललेल्या प्रॉपर्टींची नावे आणि प्रत्येकीसमोर तिचे नवे मूल्य. तिसरी, नुसत्या नावांची यादी, मूल्यांवाचून. ही तिसरी गोष्ट पहिल्या वाचनात अनावश्यक वाटते. मूल्य द्यायचेच नाही तर नाव तरी कशाला घेता? पण आपल्याकडे ज्याने मिस्ड कॉल दिला किंवा घेतला आहे, त्याला हे कोडे पडणार नाही. एक रिंग वाजते, थांबते. त्यात एक शब्दही बोलला जात नाही, पण 'तुझ्याकडची माहिती आता जुनी झाली, सवड होईल तेव्हा फोन कर' एवढा मजकूर पोहोचतो, आणि पैसा खर्च होत नाही. मूल्य अवजड असेल, काढायला महाग असेल, किंवा ऐकणाऱ्यांपैकी एखाद्यालाच त्याची गरज असेल, तेव्हा सेवा या तिसऱ्या यादीतून मिस्ड कॉल देते. संगीतवादकांच्या एमप्रिस या संकेतात गाण्यांच्या संपूर्ण क्रमसूचीची प्रॉपर्टी अशीच जाहीर होते: सूची बदलली एवढे कळते, सूची येत नाही. शेकडो गाण्यांची यादी प्रत्येक फेरबदलाला सगळ्यांच्या दारात ओतण्यापेक्षा ज्याला हवी त्याने येऊन न्यावी, यात काटकसर आहे आणि अगत्यही आहे.

पहिल्या गोष्टीकडे पुन्हा वळू, कारण तिच्यात एक गंमत दडली आहे आणि रिव्ह्यू करणाऱ्याची नजर तिथे हमखास अडखळते. सिग्नल प्रवास करतो तो 'प्रॉपर्टीज' या सर्वसामान्य इंटरफेसच्या नावाने, आणि ज्याच्याविषयी बोलायचे त्याचे नाव आतल्या पहिल्या रकान्यात असते. पाकिटावर टपालखात्याचा शिक्का आणि कोणाच्या घरची खबर हे आत उघडल्यावर, असा प्रकार. एकाच वस्तूवर दोन-तीन इंटरफेस नांदत असतात, आणि ऐकणाऱ्याने तो पहिला रकाना न पाहता मजकूर वाचायला घेतला, तर शेजारणीची खबर आपल्या घरची समजून तो मोकळा होतो. जाणकार मंडळी ही चाळणी आणखी आधी लावतात: नाव नोंदवतानाच बसला सांगून ठेवतात की पहिला रकाना अमुक असेल तेवढेच निरोप माझ्याकडे सोड. मग नको असलेल्या निरोपासाठी झोपलेली प्रोसेस उठवावी लागत नाही. लॅपटॉपची बॅटरी दिवसअखेर थोडी जास्त टिकते, त्यात अशा न मोडलेल्या झोपांचाही वाटा असतो.

आता ती फाइल. शेवटाकडे एक तक्ता आहे; त्यातल्या सात ओळी म्हणजे या सेवेच्या सात प्रॉपर्टी. टाइमझोन, म्हणजे वेळपट्ट्याचे नाव. यंत्रातले बॅटरीवर चालणारे घड्याळ स्थानिक वेळेवर आहे का. जाळ्यावरून वेळ जुळवून घेण्याची सोय आहे का. ती चालू आहे का. वेळ प्रत्यक्ष जुळलेली आहे का. मग चालू वेळ, १ जानेवारी १९७० पासून सरलेल्या मायक्रोसेकंदांत. आणि शेवटी त्या बॅटरीवरच्या घड्याळाची वेळ. या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक खूण असते: ही बदलली तर मी सांगेन, किंवा नुसते शून्य, म्हणजे सांगणार नाही. सातांपैकी तिघींसमोर वचनाची खूण आहे, चौघींसमोर शून्य.

या चार शून्यांपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. घड्याळाची सेवा, आणि वेळ बदलल्याचे सांगणार नाही! क्षणभर हसू येते. पण थांबून विचार करू. जी गोष्ट प्रतिक्षणी बदलते, ती बदलल्याचे सांगायचे म्हणजे अखंड बोलत राहायचे. दर मायक्रोसेकंदाला एक हाक. नदी वाहते आहे ही बातमी होत नाही, नदीने पात्र बदलले ही होते. म्हणून वेळ मुकी आहे आणि वेळपट्टा बोलका. घड्याळाचे काटे कोणी एकदम पुढे-मागे केले हे ज्याला खरोखर जाणायचे असेल, त्याला या सेवेचे दस्तऐवज थेट कर्नेलच्या, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याच्या, टायमरकडे पाठवतात, तेही आडपडदा न ठेवता: हे काम आमच्याकडे नाही. 'वेळ जुळलेली आहे का' या प्रॉपर्टीसमोरचे शून्य तर आणखी प्रामाणिक आहे. ती स्थिती कर्नेलच्या पोटातली. विचारले तर ही सेवा कर्नेलला विचारून सांगते, पण ती केव्हा पालटली हे तिला कोणी येऊन सांगत नाही. जे आपल्याला कळण्याची खात्री नाही, ते कळवण्याचे वचन तिने दिलेलेच नाही.

एमप्रिसमध्ये हाच विचार जास्त लडिवाळपणे मांडलेला आहे. गाणे कुठवर आले ही प्रॉपर्टी तिथेही मुकी आहे. पण गाणे चालू आहे की थांबले हे कळवले जाते, कोणत्या गतीने चालले आहे हे कळवले जाते, आणि कोणी बोट लावून ते मधूनच पुढे ढकलले तर त्यासाठी वेगळा सिग्नल आहे. एवढ्या सामग्रीवर ऐकणारा आपल्या घरी बसून हिशेब करतो आणि पट्टीवरचा ठिपका सरकवत राहतो. दोन प्रोसेसमध्ये एक अक्षर न बोलता ठिपका आणि गाणे बरोबर चालतात. हिशेबाने जे समजू शकते ते सांगण्यात वेळ घालवायचा नाही आणि हिशेब मोडेल तेव्हा मात्र गप्प राहायचे नाही, असा हा करार आहे.

आता त्या फाइलीतल्या माझ्या सर्वांत आवडत्या जागेकडे, वेळपट्टा बदलणाऱ्या फंक्शनकडे. ते पडदाभर लांब आहे, फार नाही. कोणीतरी म्हणते, वेळपट्टा 'एशिया/कोलकाता' कर. (मुंबई-पुण्यातल्या यंत्रांनाही कोलकात्याचेच नाव लावावे लागते, आपण आता सरावलो आहोत.) आधी ते नाव खरे आहे का हे तपासले जाते. त्या नावाची फाइल आहे एवढ्यावर भागत नाही. ती उघडून तिचे पहिले चार बाइट ठरलेल्या खुणेचे आहेत का हे पाहतात. मग लगेच एक लहानशी तुलना: मागितलेले नाव आणि आत्ताचे नाव अक्षरशः एकच आहे का? असेल तर काम झाले असे उत्तर देऊन फंक्शन तिथेच परतते. परवानगी विचारत नाही, फाइलीला हात लावत नाही, सिग्नल तर नाहीच नाही.

या एका ओळीने किती जणांची झोप वाचवली आहे याचा विचार करा. न घडलेल्या बदलाची हाक ही या प्रांतातली सर्वांत सोशीक चूक; तिने काहीच मोडत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे राहते. प्रत्येक ऐकणारा उठतो, मूल्य पाहतो, तेच आहे म्हणून पुन्हा झोपतो. दोन सेवा एकमेकींच्या सिग्नलवरून एकमेकींना तेच मूल्य लावत असतील तर मात्र ही निरुपद्रवी हाक थांबता थांबत नाही. माझ्या एका जुन्या नोकरीत दोन प्रोसेस अशा रात्रभर 'तेच आहे', 'हो, तेच आहे' असे म्हणत बसल्या होत्या, आणि सकाळी यंत्राचा पंखा खोलीभर ऐकू येत होता.

ही तुलना अक्षरांची आहे, हेही जरा घोळवून पाहण्यासारखे आहे. 'एशिया/कलकत्ता' हे जुने नाव ज्या यंत्रावर अजून शिल्लक असेल, तिथे त्यावरून 'एशिया/कोलकाता'वर आलो तर काटा एका सेकंदानेही हलत नाही, पण सिग्नल जातो. चूक? मला तसे वाटत नाही. प्रॉपर्टी नावाची आहे. नाव बदलले, ते सांगितले. प्रॉपर्टीने जेवढे आपले म्हटले आहे तेवढ्याशीच तिचा सिग्नल इमान राखतो.

पुढची पायरी परवानगीची. वेळपट्टा कोणीही बदलावा असे नाही. सेवा परवानग्या तपासणाऱ्या पोलकिटकडे विचारणा करते, आणि उत्तर यायला वेळ लागेल म्हणून फंक्शन तात्पुरते परत फिरते. पडद्यावर संकेतशब्दाची चौकट येते, माणूस चष्मा शोधतो, एकदा चुकीचे टंकतो, मग बरोबर. परवानगी आली की तेच फंक्शन पुन्हा बोलावले जाते, आणि इथे माझ्यातल्या वाचकाने मान डोलावली, कारण ते मधूनच पुढे सुरू होत नाही, पहिल्या ओळीपासून सुरू होते. नाव पुन्हा तपासले जाते, तुलना पुन्हा होते. माणूस चष्मा शोधत होता त्या अर्ध्या मिनिटात दुसऱ्या कोणी तोच बदल करून टाकला असेल, तर दुसऱ्या फेरीत ती छोटी तुलना ते ओळखते आणि दुसरी हाक जात नाही. हे कोणी खास विचार करून साधले की रचनेच्या सरळपणातून आपसूक साधले, मला ठाऊक नाही. चांगल्या कवितेतही हे नेमके सांगता येत नाही.

यानंतर चार टिपणे येतात, लेखकाने त्यांना क्रमांकच दिलेले आहेत. पहिले, नवी व्यवस्था डिस्कवर लिही. दुसरे, आपल्याच प्रोसेसमधल्या ग्रंथालयाला नवा पट्टा कळू दे. तिसरे, कर्नेलला सांग. चौथे, बॅटरीवरचे घड्याळ स्थानिक वेळेवर असेल तर तेही नव्या फरकाने जुळवून घे. मग नोंदवहीत एक नोंद. आणि या सगळ्यानंतर, उत्तर देण्याच्या अगदी आधी, सिग्नल. पहिली पायरी फसली तर चूक झाल्याचे उत्तर जाते आणि सिग्नलची ओळ येतच नाही. उतारू आत, पिशवी आत, दार बंद, डबल बेल.

सिग्नल आधी आणि उत्तर नंतर, या क्रमात एक सूक्ष्म सुख आहे. एका प्रोसेसने दुसरीला पाठवलेले निरोप बस त्याच क्रमाने पोहोचवते. त्यामुळे ज्याने बदल मागितला, तो जर ऐकणाराही असेल, तर 'झाले' हे उत्तर त्याच्या हाती पडते तेव्हा नव्या मूल्याचा सिग्नल त्याच्याकडे आधीच येऊन पडलेला असतो. क्रम उलटा असता तर उत्तर मिळाल्यावर त्याने आपल्या जवळच्या प्रतीत डोकावले असते आणि त्याला जुनेच मूल्य दिसले असते; क्षणभरच, पण त्या क्षणी पडद्यावरचे बटण मागे जाऊन पुन्हा पुढे आले असते. असे अंग झटकणारे बटण आपण कितीतरी ठिकाणी पाहिलेले आहे. त्यामागे पुष्कळदा दोन ओळींची अदलाबदल असते.

आणि ती सिग्नलची ओळ स्वतः! तिच्यात नवे मूल्य कुठेच नाही. वस्तूचा मार्ग, इंटरफेसचे नाव, 'टाइमझोन' हे प्रॉपर्टीचे नाव, आणि शेवटी एक नल, म्हणजे यादी संपल्याची खूण. सी भाषेत हा पूर्णविराम विसरला तर वाक्य स्मृतीत कुठवर वाहत जाईल याचा नेम नसतो. मूल्य का नाही? कारण एसडी-बस हे ग्रंथालय ते नाव घेऊन त्या तक्त्याकडे जाते, तिथे मूल्य कसे वाचायचे ते पाहते, त्या क्षणी ते वाचते आणि मग सिग्नलमध्ये घालते. मूल्य द्यायचे की मिस्ड कॉल, हेही तक्त्यातली खूणच ठरवते. म्हणजे कोणी 'टाइमझोन काय?' असे विचारले तर जिथून उत्तर जाते, तिथूनच सिग्नलही भरला जातो. बोललेले आणि विचारल्यावर सांगितलेले यांत तफावत पडायला फटच ठेवलेली नाही. मूल्य हाताने सिग्नलमध्ये भरणारा कोड मी अनेकदा तपासला आहे. त्यात कधी एकक वेगळे असते, कधी गोल केलेला आकडा एका ठिकाणी आणि न केलेला दुसऱ्या ठिकाणी. इथे तो प्रश्न उपटतच नाही. शून्याची खूण असलेल्या प्रॉपर्टीचे नाव चुकून दिले, तर ग्रंथालय चूक म्हणून परत पाठवते. जे वचन दिलेच नाही ते पाळायलाही ते नकार देते.

त्या ओळीच्या आरंभी आणखी एक इवलीशी गोष्ट आहे: कंसातला 'व्हॉइड'. हाक देण्याचा प्रयत्न फसला तर त्याची दखल घेणार नाही, आणि हे विसरून नव्हे तर जाणून, असा त्याचा अर्थ. प्रथम वाचताना हा बेफिकीरपणा वाटतो. पण वेळपट्टा तर बदललेला आहे, डिस्कवर आहे, कर्नेलला ठाऊक आहे. दवंडी पिटणाऱ्याचा घसा बसला म्हणून गावात झालेले लग्न मोडत नाही. त्या एका शब्दात लेखकाने रिव्ह्यू करणाऱ्याचा प्रश्न आधीच ओळखून त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे.

दवंडीवरून आठवले. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी अमलात आली, आणि मुंबईने ती हाक ऐकूनही आपली 'बॉम्बे टाइम' सोडली नाही. ग्रिनिचच्या चार तास एकावन्न मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे. ही दुसरी वेळ शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. जवळची जुनी प्रत घट्ट धरून बसलेला याहून हट्टी ऐकणारा माझ्या पाहण्यात नाही.

ऐकणाऱ्याच्या बाजूचे एकच सांगतो, कारण तिथलाही क्रम चाखण्यासारखा आहे. आधी नाव नोंदवायचे, मग सर्व मूल्ये एकदम मागायची. उलट केले, आधी मूल्ये मागितली आणि मग कान लावला, तर त्या दोहोंच्या सांध्यात झालेला बदल कायमचा निसटतो. पुढचा बदल होईपर्यंत पडदा खोटे बोलत राहतो. हा दोष चाचणीत जवळजवळ कधीच सापडत नाही. तो सापडतो डोळ्यांना, दोन ओळी कुठली आधी आणि कुठली नंतर हे पाहणाऱ्या डोळ्यांना.

जाळ्यावरून वेळ जुळवण्याच्या प्रॉपर्टीपाशी हीच फाइल वेगळा राग आळवते. ती चालू-बंद करणे म्हणजे दुसऱ्या सेवांना सुरू करणे किंवा थांबवणे, आणि ते काम सिस्टमडीकडे सोपवावे लागते. सोपवले म्हणजे झाले असे नव्हे. म्हणून इथे फंक्शन उत्तर देते पण हाक देत नाही. सेवा सोपवलेल्या प्रत्येक कामाची पावती जपून ठेवते, काम संपल्याची वार्ता आली की एकेक पावती फाडते, आणि शेवटची फाटली की मगच सिग्नल सोडते. वेळपट्ट्याची गोष्ट हातोहात पुरी होत होती, म्हणून हाक उत्तराच्या आधी. ही गोष्ट उशिरा पुरी होते, म्हणून हाक उत्तराच्या खूप नंतर. दोन्ही ठिकाणी ओळ तीच, फक्त प्रॉपर्टीचे नाव निराळे. तिची जागा मात्र लेखकाने दोन्हीकडे घटना पाहून ठरवलेली आहे, आणि या फाइलीतले मला सर्वांत मोठे वाटलेले कौशल्य हेच.

जीलिब या दुसऱ्या घराण्यातल्या ग्रंथालयाची चाल वेगळी आहे. ओझरती सांगून पुढे जाऊ. तिथे यंत्राने लिहून दिलेला कोड हाक लगेच देत नाही, हातातले काम उरकेपर्यंत थांबतो आणि मधल्या काळात झालेले सगळे बदल एकाच निरोपात बांधतो. मूल्य एकावरून दोनावर गेले आणि हाक जाण्याआधी पुन्हा एकावर आले, तर तो काहीच बोलत नाही. बाहेरच्यांच्या दृष्टीने काही घडलेलेच नसते.

हे सगळे मुरवून मी त्या पॅचकडे परतलो, आणि दाताखाली काय येत होते ते आता स्पष्ट दिसले. पंप सुरू करण्याच्या फंक्शनमध्ये हाक आधी होती आणि रिले खरोखर बसला की नाही याची खात्री नंतर. दार उघडे असताना डबल बेल. आणि 'किती सेकंद झाले' ही प्रॉपर्टी दर सेकंदाला बोलत होती. पहिल्या ठिकाणी मी लिहिले, ही ओळ सात ओळी खाली न्यावी. दुसऱ्या ठिकाणी लिहिले, सेकंद सांगण्याऐवजी सुरू झाल्याची वेळ सांगावी आणि मोजणी पडद्यावर सोडावी. तिसऱ्या दिवशी तिचा नवा पॅच आला. त्यात ती ओळ खाली गेलेली होती, सेकंदांची प्रॉपर्टी गेलेली होती, आणि मी न सांगितलेली एक गोष्ट वाढलेली होती: फंक्शनच्या आरंभी एक छोटीशी तुलना, पंप आधीच चालू असेल तर तिथूनच परत. मी काही न लिहिता मंजुरी दिली.

आपल्याजवळ लिनक्सचे यंत्र असेल तर एका खिडकीत बसवरचे निरोप दाखवणारे जीडीबसचे मॉनिटर टाइमडेटडीच्या नावावर लावून ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून वेळपट्टा बदला. पहिल्या खिडकीत एक ओळ उमटेल: इंटरफेसचे नाव, टाइमझोन आणि त्याचे नवे मूल्य, शेवटी एक रिकामी यादी. तोच आदेश तसाच पुन्हा द्या. काही उमटणार नाही. मग खिडकी बंद न करता नुसते बसून राहा. अर्ध्या मिनिटाच्या आसपास आणखी एक ओळ येईल, की या नावाला आता धनी नाही. काम नसले की ही सेवा आपण होऊन निघून जाते.